तिच्या चार टोपल्या

मानमोडीच्या तापाने दहिवलीतलं आमचं घर आडवं झालं, तेव्हा चूल पेटवायलाही कोणी उठत नव्हतं. डोंगरावरच्या ठाकरवाडीतली एक बाई एरवी आम्हाला लाकूडफाटा आणून द्यायची. त्या दिवसांत ती पायरीवर उकडलेल्या कंदांची टोपली ठेवून हाक मारी, "बाय, खावा. कडू नाय राहिलं." तो रानकंद चिरून, टोपलीत भरून, रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवावा लागतो, नाहीतर विषच. आम्ही जगलो ते त्यावर.

उठता येऊ लागल्यावर मी टोपल्या परत द्यायला निघाले, तर सासूबाई म्हणाल्या, "रिकामं भांडं कुणाला परत देतात का गं? भात घरात येऊ दे." चार टोपल्या पडवीतच राहिल्या. तिने एकदाही मागितल्या नाहीत.

भात झोडला, तशा आम्ही दोघी टोपल्यांत नवे तांदूळ घालून डोंगर चढलो. तिच्या झोपडीच्या दाराला काटे लावलेले होते. शेजारीण म्हणाली, "टोपल्या संपल्या तिच्या. तापात नवी विणवंना. कंद फडक्यात बांधून ओढ्यात ठेवला, तो नीट धुतला गेलाच नाय. ती गेली, पोरंबी गेली."

सासूबाईंनी उतरवलेली टोपली पुन्हा डोक्यावर घेतली.

आता कीर्तनात कोणी उपकाराची जाण वगैरे सुरू केलं, की मी उठून जाते. आमची जाण त्या टोपल्यांत शिगोशीग भरलेली होती. ती तशीच डोक्यावर घेऊन आम्ही डोंगर उतरलो.

ते तांदूळ आम्हीच खाल्ले.