साठ कार्डं

गद्रेसर आमच्या ऑफिसात आले की बराच वेळ उभेच असत. हातात लाल फडक्यात बांधलेला कार्डांचा गठ्ठा. खुर्ची पुढे केली की म्हणत, "मी बसेन हो, पण हे कुठं ठेवू? माणूस बसतो तिथं अक्षर ठेवू नये." मग मी प्रिंटरवरचे कागद उचलायचो. गठ्ठा तिथं टेकला की सर बसायचे.

तरुणपणी कालिंपाँगला तिबेटी शिकताना ही पद्धत त्यांच्या अंगवळणी पडली होती. आता निवृत्त, एकटे, नारायण पेठेत दोन खोल्यांत. "पुण्यात ही लिपी वाचणारे आम्ही तिघे होतो," ते सांगत. "दोघं गेले. आता भांडायचं कोणाशी?" भांडायला एकच उरला होता. त्यांच्याबरोबर शिकलेला लोबसांग, कर्नाटकातल्या एका मठातला भिक्षू. दर महिन्याला त्याचं पत्र यायचं, आणि अधूनमधून तपासायला एखादी पोथी.

त्यातलीच एक प्रार्थनांची पोथी कम्प्युटरवर घेऊन छापायची होती. तेव्हा गल्लोगल्ली सॉफ्टवेअरची ऑफिसं निघत होती; आमचं एरंडवण्यात, एका फ्लॅटमध्ये. मी सव्वीस वर्षांचा. तिबेटीत अक्षरं एकाखाली एक रचतात, आणि त्या काळी आम्हाला अशी प्रत्येक रचना वेगळी काढून फाँटमध्ये बसवावी लागे. एका फाँटमध्ये जागा दोनशेच्या आसपास. सर एकेका रचनेचं एकेक कार्ड करत. पुढे बोरूनं काढलेलं अक्षर, मागे पोथीतल्या पानाचा आकडा.

एकदा मी म्हणालो, "सर, हे अख्ख्या पोथीत एकदाच आलंय. गाळू या का?"

"बर्वे, तुम्हीही घरात एकच आहात. तुम्हाला गाळतात का?"

दोन फाँट भरले. साठ कार्डं उरली. तिसरा फाँट म्हणजे आणखी दीड महिना. माझी अमेरिकेतली नोकरी ठरली होती, आणि हातातलं काम संपल्याशिवाय मालक सोडणार नव्हते. मी ती साठ कार्डं खणात टाकली आणि पोथीत त्यांच्या जागी साधारण तशीच दिसणारी अक्षरं बसवली. मालकांनी सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं.

प्रूफ पाहताना सरांचं भिंग एके ठिकाणी थांबलं. "हा खालचा पाय आखूड वाटतो हो."

"प्रिंटर जुना आहे, सर. छापताना नीट येईल."

"तुम्ही म्हणताय म्हणजे येईल," म्हणत त्यांनी सही केली.

निघण्याच्या आधी त्यांना भेटायला गेलो. पुस्तक मठात पोचलं होतं, लोबसांगचं पत्रही आलं होतं. सरांनी ते मला मराठीत वाचून दाखवलं. चुकांची भलीमोठी यादी, आणि खाली: आता डोळ्यांना विश्रांती द्या, यापुढच्या पोथ्या मी दुसऱ्या कोणाला देईन.

"कार्डंच मी चुकीची लिहिली असणार," सर म्हणाले. "डोळे गेले हो, बर्वे. आणि तुम्ही बिचारे, म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून प्रिंटरच्या माथी मारलंत."

ती कार्डं माझ्या खणात होती. स्कूटरवर दहा मिनिटांचं अंतर. आणायचीसुद्धा गरज नव्हती, एक वाक्य पुरलं असतं. मी चहा संपवला.

त्यांनी भिंग माझ्या हातात ठेवलं. "न्या. मला आता काय वाचायचंय?"

मी ते घेतलं. वर "थँक्यू सर" म्हणालो.

तीन वर्षांनी परतलो, तेव्हा सर नव्हते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "शेवटी शेवटी पोस्टमन आला तरी उठायचे नाहीत हो. आधी जिन्यात जाऊन उभे राहायचे."

आता साध्या फोनवरही कुठल्याही तिबेटी अक्षराखाली कुठलंही अक्षर लिहिता येतं. त्या पोथीची पानंही इंटरनेटवर आली आहेत. ऑफिस सोडताना फडक्यात बांधून नेलेली ती साठ कार्डं मी गेल्या महिन्यात काढली आणि सरांच्याच भिंगाखाली एकेक अक्षर मूळ पानाशी ताडून पाहिलं. मला ती लिपी वाचता येत नाही, म्हणून दोन दिवस लागले. एकही चूक सापडली नाही.

गठ्ठा पुन्हा फडक्यात बांधला, शेजारच्या खुर्चीवर ठेवायला गेलो, आणि तसाच उभा राहिलो.