आक्काचे पाच रविवार

आक्का गेल्याचा निरोप मलकापूर गाडीच्या कंडक्टरनं कोल्हापुरात आणून दिला. मला आधी रडू आलंच नाही. माझी थोरली बहीण गेली आणि समोरच्या घरातला दौलू अजून हिंडतोय... याचाच राग आला.

आमच्या गावाच्या डोंगरात एक झरा आहे. डोळे दुखले की पाच रविवार तिथं जायचं, डोळ्यांवरून फिरवलेली चिंधी उंबराला बांधायची, कळशी भरायची आणि घर येईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. बोललं की पाणी वाटेतच ओतून पुन्हा पहिल्या रविवारापासून सुरुवात. आपल्या चार वर्षांच्या लेकीसाठी, सुमीसाठी, आक्कानं हे धरलं. पाच झाले की कोल्हापूरला डॉक्टरकडे न्यायचं ठरलं होतं. पाचव्या रविवारी दौलू वळणावर उभा राहिला. लग्नाआधी त्याच्या भावाचं स्थळ आक्कानं नाकारलं होतं, तो डूख होता.

"आगं, तुझी सुमी हिरीत पडली की!"

आक्का किंचाळली. सुमी अंगणात खेळत होती. आक्कानं पाणी ओतलं आणि पुन्हा पाच रविवार केले. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आणायला हवं होतं. सुमीचा डावा डोळा गेला. आम्हीच थांबलो, हे मला कळतं. तरी दौलूला मी सोडणार नाही.

पंधरा-सोळा वर्षांनी त्याच्या नातीचे डोळे आले आणि दौलू कळशी घेऊन त्याच वाटेनं निघाला. आक्का वळणावर जाऊन बसली. मी म्हटलं, "हाक मार."

"न्हाय. हाक मारली तर एकदाच भ्याल. पाच रविवार भिऊ दे की."

पाची रविवार ती बसली, नुसती त्याच्याकडे बघत. त्याची कळशी अशी हलायची, की धोतर भिजायचं! नात बरी झाली. मला त्याचंही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

आक्का गेल्यावर तिसऱ्या दिवशी दौलू भेटायला आला. "लई मोठ्या मनाची हुती. सबूद काढला न्हाय तिनं."

"मोठं मन कसलं? तुमाला थरथरताना बघायचं हुतं तिला," मी म्हटलं. तो चहा न घेताच उठला.

आक्काच्या घरी पुढच्या सोप्यात आता तिचा फोटो आहे, समोर रोखून बघणारा. तो मी दौलूच्या उंबऱ्यावरून दिसेल असा लावलाय, आणि दिवसभर दार उघडं ठेवायला सुमीला बजावलंय.