याओतिंगचा शेवटचा निरोप

पुताय बंदरात बिघडलेला कॉम्प्युटर वेनशुंगच दुरुस्त करायचा, आणि करताना खेकसायचाही. सातव्या महिन्यात, मेलेले फिरतात त्या दिवसांत, दिवेलागणीला दुसऱ्याच्या घरी जायचं म्हणजे त्याच्या अगदी जिवावर यायचं. पण लियाव काकूंची मुलगी बीयुन फोनवर रडत होती. मग काय करणार, गेला बिचारा.

बीयुनने ब्रॉडबँड घेतलं होतं. जागा हवी म्हणून तिने भाऊ याओतिंगच्या युनिक्स कॉम्प्युटरमधल्या जुन्या फायली पुसल्या. त्यात कॉम्प्युटरला चालायला लागणाऱ्याही गेल्या, आणि याओतिंगचा आवाजही. फोनवरचा निरोप टिपून संध्याकाळी आईला ऐकवायची सोय त्या पोरानेच केली होती. तो बोटीवरून परतला नाही. शेवटचा निरोप मात्र रोज वाजत राहिला, "आई, जेवलीस का?" काकू त्यावरच जगत होत्या. कॉम्प्युटर कधी बंद केला नव्हता. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून इथल्या रीतीप्रमाणे वर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं, तेही दरवर्षी नवं.

"बंद करून चालू करते, होईल नीट," म्हणत बीयुनने बटणाकडे हात नेला.

"हात तोडीन!" वेनशुंग ओरडला. "अगं बये, फाइल पुसलीस तरी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमने ती अजून धरून ठेवलीय. बंद केलंस की गेली, कायमची!"

काकूंनी बीयुनचा हात मागे ओढला. "माझ्या पोराला दुसऱ्यांदा बुडवू नका रे."

वेनशुंगने कीबोर्ड पुढे ओढला. फायलीची नक्कल करायची कमांडच पुसली गेली होती. नशीब, ब्रॉडबँड जोडणारा प्रोग्रॅम दुसऱ्या कप्प्यात होता म्हणून वाचला. पासवर्ड दोनदा नाकारला गेला, मग मोडेमचा हिरवा दिवा स्थिर झाला. कॉम्प्युटरच्या हरवलेल्या फायली त्याने विद्यापीठाने सगळ्यांसाठी खुल्या ठेवलेल्या साठ्यातून एकेक करून उतरवल्या आणि लगेच निरोपाची नक्कल केली.

"मिळाला! पण काकू, हा तर बराच लांब आहे. इतके दिवस नुसती सुरुवात वाजत होती."

"मग सगळा लाव."

खाली गल्लीत दारं लागत होती. या महिन्यात फिरणाऱ्यांना इथे कोणी भूत म्हणत नाही, चांगले भाऊ म्हणतात. त्यांचं ताट बाहेर ठेवतात आणि आतून घट्ट कडी लावतात. बुडालेल्यांची तर फारच धास्ती. काकूही दरवर्षी कडी लावायच्या.

"आई, जेवलीस का?" नेहमीचाच आवाज. मग बोटीचं इंजिन, कोणाचं तरी हसणं, आणि पुन्हा याओतिंग. "माझं ताट झाकून ठेव, उशीर होईल. आणि कडी लावू नकोस हं. मागच्या खेपेला बाहेरच बसलो होतो."

काकू जिना उतरल्या. वेनशुंगला नको म्हणायचं होतं, पण भीतीने तो बीयुनच्या मागे सरकला. खाली कडी निघाल्याचा आवाज आला.

"ये रे बाबा," काकू रागावून म्हणाल्या. "भात कधीचा गार झालाय."