लॉकचा आवाज

हे मी आजवर कुणापाशीच बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, महादेवाच्या पिंडीपुढंसुद्धा नाही – तिथं हात जोडले की भलतंच काहीतरी मागून मोकळा होतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. एवढंच. धीर वगैरे काही आलेला नाही.

लातूरजवळ मुरुडला घराच्या मागं आमची शेड आहे, ट्रॅक्टर दुरुस्तीची. जागा माझी, हात दाजींचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक; दोघं आमच्याच गल्लीत राहतात. पार चाकूरहून माणसं ट्रॅक्टर घेऊन यायची ती त्यांच्यासाठी. पाटीवर नाव माझं, आणि आल्या आल्या प्रत्येक जण मलाच विचारणार – "मिस्त्री हायत का?" याचा राग यायचा का? यायचा. पण ते राहू द्या. कारणं सांगायला लागलो की मी स्वतःला सोडवायला लागतो. माझी ती खोड मला ठाऊक आहे.

वर्षानुवर्षं दाजी पोतं अंथरून ट्रॅक्टरखाली सरपटायचे. पाठ कामातून गेली होती. म्हणून लिफ्ट घ्यायचं ठरलं. दाजींचं म्हणणं, जड वाहनांची, चार खांबांचीच घ्यावी. त्यासाठी शेडचे पत्रे उंच करावे लागणार होते आणि लिफ्ट बनवून यायलाही वेळ लागणार होता. "थांबू की," ते म्हणाले. "एवढी वर्षं लोळलो, अजून थोडं लोळू."

मला थांबायचं नव्हतं. नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्यावर कारचं एक गॅरेज बंद होत होतं आणि त्यांची दोन खांबांची लिफ्ट विकायला होती. मी एकटाच बघायला गेलो. बटण दाबलं की घुईं करत वर जायची. आमच्या गावात अशी कुणाकडंच नव्हती – आणि ती मी आणणार होतो, दाजी नाही. गॅरेजवाल्यानं मला स्वच्छ सांगितलं. ही कारसाठी आहे. ट्रॅक्टर उचलेलसुद्धा, पण वर गेल्यावर सगळा भार तिला वर अडकवून धरणाऱ्या लॉकच्या दात्यांवर येतो, आणि एवढ्या भाराला ते दाते टिकणार नाहीत. खांबावरचा पत्राही दाखवला, किती वजन चालतं ते त्यावर कोरलेलं होतं. काही म्हणजे काही लपवलं नाही त्या माणसानं.

तेवढ्यात दाजींचा फोन आला. "मल्लू, ट्रॅक्टर झेपतो का, इचारलं का?"

"हाव, इचारलं. झेपतो म्हणला."

किती सहज! जेवलास का म्हटल्यावर जेवलो म्हणावं, तसं. लिफ्ट मुरुडला आणली आणि बसवायच्या आधी खांबांना नवा निळा रंग मारला. त्या पत्र्यावरूनसुद्धा – दोन हात, अक्षरं बुजेपर्यंत. रंग मारताना मी शीळ घालत होतो. 

सुरुवातीला लहान ट्रॅक्टर चढवले. काही झालं नाही, तशी मग मी भ्यायचंही सोडून दिलं. गावातली माणसं लिफ्ट बघायला यायची. कुणी निवडली, असं कुणी विचारलं की दाजीच कौतुकानं सांगायचे – आमच्या मल्लूनं.

मग एका दुपारी मोठा ट्रॅक्टर आला. गिअरबॉक्समधून तेल गळत होतं. मी बटणापाशी होतो. ट्रॅक्टर वर गेला, दाजींनी लॉक लावलं. खट्ट. दोन्ही खांबांतून आवाज आला. "बसलं," दाजी म्हणाले. मी मान डोलावली. ते खाली गेले.

थोड्या वेळानं पाना घ्यायला ते बाहेर सरकत होते, म्हणून धड वाचलं. कडाडकन काहीतरी तुटलं आणि ट्रॅक्टर एका अंगानं खाली आला. दाजींचा उजवा पाय त्याच्याखाली होता. ते कसे ओरडले ते मी सांगणार नाही.

माणसं धावली, जॅक लावून त्यांना बाहेर काढलं, लातूरला न्यायला जीपमध्ये घातलं. अक्का पिठाच्या हातांनी तशीच चढली. मला म्हणाली, "चल की रे!" मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढं, मी मागून येतो.

का? कारण लॉकचा तुटलेला दाता मला फरशीवर पडलेला दिसला होता.

जीप गेली. मी शेडमध्ये आलो. दाता रक्तात पडला होता. दाजी ज्या चिंधीला हात पुसायचे त्याच चिंधीनं तो पुसला आणि भंगाराच्या ढिगात तळाशी सारून दिला. मग हात धुतले – साबणानं – आणि मोटारसायकल काढली. समजतंय ना? बहिणीच्या नवऱ्याचा पाय जात होता आणि मी साबण शोधत होतो.

पाय गुडघ्याखालून काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर दाजींनी मला जवळ बोलावलं. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मल्लू, मला काई आठवंना गेलंय. लॉक बसलं व्हतं का रे?"

तो माणूस मला विचारत होता! त्याला दुसरं कुणी सांगणारच नव्हतं.

"न्हाई दाजी," मी म्हणालो. "आवाज आला न्हाई."

त्यांनी डोळे मिटले. मग मलाच म्हणाले, तुला उगं घोर लावला बघ.

ती लिफ्ट मी भंगारात घातली. पत्रे उंच केले, चार खांबांची आणली. आता दाजी शेडमध्ये खुर्चीवर बसून काम सांगतात. घरच्या शेडला लिफ्ट घ्यायची म्हणून कुणी विचारायला आलं की नकली पायावर टिचकी मारून हसत म्हणतात, "लिफ्ट कोणतीबी घ्या, पण लॉकचा आवाज कानानं ऐका. मी ऐकला न्हाई." मी शेजारी उभा असतो. मान डोलावतो. काही काही गिऱ्हाइकांना तर मीच म्हणतो, दाजी, सांगा ह्यांना.

अक्का मात्र त्यांना सोडत नाही. पायरी चढताना अडखळले, न्हाणीत पडले, की तिचं सुरू होतं – एवढ्याशा लॉककडं ध्यान दिलं असतं तर? ते खाली बघून ऐकून घेतात. हेही माझ्यासमोर होतं. मी चहा पीत असतो.

यंदा पंचमीला अक्का घरी आली होती. जेवणं झाल्यावर मला बाजूला घेतलं. पदर डोळ्याला लावून म्हणाली, "मल्लू, ह्यांच्या चुकीपायी तुझ्या शेडचं नाव खराब झालं. पण तू कधी एका शब्दानं बोलला न्हाईस. लई मोठं मन हाय बाबा तुझं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे अक्का," म्हणालो. "माणूस हाय, चुकतंय."

आणि – इतका वेळ मी ज्याच्याभोवती फिरतोय ते हे – तेव्हा मी नाटक करत नव्हतो.  मी दाजींना मनापासून माफ केलं होतं.