अमेरिकेची बारावी

पोलीस ठाण्याच्या बाकावर पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेली ती मुलगी निवृत्तीनंतरही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

बीड जिल्ह्यात वडवणीला फौजदार असताना एका नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन आला. एक मुलगी अमेरिकेतल्या हायस्कूलचा डिप्लोमा घेऊन प्रवेशाला आली होती. तो बारावीच्या बरोबरीचा, असं तिचं म्हणणं. चौकशी केली तर अशा शाळेला कुठेच मान्यता नव्हती.

मुलीच्या घरचे ऊसतोड कामगार. आमच्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम टोळीत जोडी घेतो, म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्नं उरकतात. वडिलांनी हिला शब्द दिला होता, नर्सिंगला नंबर लागला तर शीक, नाहीतर टोळी निघायच्या आत लग्न. उसाच्या फडावर जाऊन-येऊन तिचं ज्युनिअर कॉलेज सुटलेलं. म्हणून तिने एका क्लासवाल्याकडे मोबाइलवरची ही ‘अमेरिकन बारावी’ धरली.

क्लासवाला पक्का बनेल होता. म्हणाला, "साहेब, तिला समदं ठावं हाय. नुसता कागद पायजे होता. आता माझ्यावर ढकलायली."

हे खरं ठरलं असतं, तर मुलगीच आरोपी झाली असती. मी तिला विचारलं, "अभ्यास केला होतास का?"

"केला की साहेब. मोळ्या बांधून झाल्या की करायचे. फकस्त अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर दिला न्हाई, फडावर रेंज नव्हती. तरी त्यातच लई मार्क पडले."

दोघांना समोरासमोर बसवलं. ती त्याला शांतपणे म्हणाली, "सर, मी तुमाला म्हणलं न्हाई का, माझा तेवढा पेपर परत घ्या?"

विकतचा कागद घेणारा माणूस परीक्षा मागत नाही. क्लासवाल्याची मान खाली गेली. अमेरिकेत शाळा नव्हतीच. डिप्लोमे त्याच्याच कॉम्प्युटरवर तयार होत होते. मुलीच्या फिर्यादीवरून गुन्हा दाखल करून त्याला अटक केली. सहकाऱ्यांनी माझं कौतुक केलं.

मुलीने विचारलं, "मंग मी आता बारावी न्हाईच का?"

तिच्या वडिलांना मी समजावलं, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देता येते, वर्षभर थांबा. ते डोळे पुसत म्हणाले, "साहेब, टोळी थांबत न्हाई." माणूस वाईट नव्हता. मुलगी अठरा पूर्ण होती, त्यामुळे लग्न अडवायला कायद्याचाही आधार नव्हता.

खटला उभा राहिला तेव्हा ती साखर कारखान्यावरून साक्षीला आली, कडेवर लेकरू घेऊन. साक्ष चोख दिली. आरोपीला शिक्षा झाली. त्या दिवसापासून मी गुन्हेगाराला शिक्षा झाली म्हणजे फिर्यादीला न्याय मिळाला, असं म्हणणं सोडलं. कारण साक्षीच्या सुरुवातीला तिला नाव, वय आणि धंदा विचारला होता. नर्स व्हायला निघालेली ती पोर खाली बघत म्हणाली, "ऊसतोड."