सरकत्या जिन्याची इंदूबाई

आमच्या वाडी गावात मॉल झाला तवा पेपरवाल्यायनं मालकाचा फोटो छापला, रिबन कापणाऱ्याचा छापला. इंदूबाईचा कोणीच छापला नाही. अन् खरं सांगतो, ती नसती तर त्या मॉलची वरची दुकानं पयल्याच हप्त्यात ओस पडली असती.

मी खालच्या मजल्यावर, सरकत्या जिन्याच्या बाजूलेच कपडे अल्टर करत होतो. सारं माह्या डोळ्यासमोरचं आहे. आजूबाजूच्या गावच्या बाया मॉल पाहाले येत. आता आपल्या इकडची रीतच आहे, नवी गाडी असो का दुकानाची पायरी, पयले हात लावून कपाळाले लावाचा, मंग पाय ठेवाचा. त्या बायाही वाकत अन् चालत्या पायरीवर हात टेकवत. एका म्हातारीचं बोट बाजूच्या फटीत चेपलं, केवढा कल्ला झाला! तवा झाडूपोछा करणाऱ्या इंदूबाईले जिन्याच्या पायथ्याशी उभं केलं. तिचं कामच ते, दिवसभर म्हणाचं, "पाया नोको पडू वं माय, बोटं जातीन. माहा हात धर अन् नुसती उभी राय."

सारी वाडी तिनं अशी हात धरून वर चढवली. एखाद्या बाईनं वर गेल्यावर 'थँक्यू' म्हटलं, का संध्याकाळी मले दहादा सांगे. मी कोणाची पँट चुकून जास्त आखूड केली तर माह्यावर खेकसालेही तीच पुढं.

तिचा नवरा चंपतराव अमरावती रोडवरच्या गोदामात हमाल. त्याले एकदा वर न्याचं, एवढी एकच हौस होती तिची. वरच्या काचेतून त्याच्या गोदामाचे पत्रे दिसतात, हे तिनं घरी सांगून ठेवलं होतं. ज्या पत्र्याखाली जिंदगी गेली, ते वरून कसे दिसतात हे त्यालेही पाहाचं होतं. पण मानूस लाजाळू. अंगाले सिमेंट, आपण तिथं शोभत नाही, म्हणे. शेवटी मीच चिडून त्याले एक सदरा शिवून दिला. मंग तरी काय, आज गोदामात मालाची गाडी लागली, उद्या पाहुणे येऊन राहिले. असल्या मानसाचा मले रागच येते. उद्या उद्या करता करता गोदामात पोत्यांची थप्पी अंगावर आली अन् त्याचा खुबा कायमचा गेला.

इकडं मॉललेही उतरती कळा लागली. शहरात मोठे मॉल झाले, पोट्टे मोबाइलवरच खरेदी करू लागले. वरच्या मजल्यावरचा सिनेमा बंद झाला. लिफ्ट बिघडली, ती कोणी दुरुस्तच केली नाही. वरच्या गाळ्यांचे शटर एकेक करून खाली आले. इंदूबाई रिकाम्या जिन्यापाशी तशीच उभी राहे, मले पाहवत नसे. शेवटी मालकानं मॉल विकला. कोणाले, तर मोबाइलवर सामान विकणाऱ्या कंपनीले, गोदाम कराले! ज्यानं मारलं त्याच्याच हवाली मढं केलं.

इंदूबाईनं मॅनेजरले एकच मागितलं. शेवटच्या रविवारी जिना चालू ठेवा, नवऱ्याले वर न्याचं आहे. पायऱ्या चढणं त्याच्यानं होत नव्हतं, पण सरकत्या जिन्यावर नुसतं उभं राहाचं होतं, अन् धराले ती होतीच. मॅनेजर हो म्हणाला.

रविवारी चंपतराव मी शिवलेला सदरा घालून ऑटोतून उतरला. एका बगलेत कुबडी, दुसऱ्या दंडाले इंदूबाई. आत आले तर जिना बंद. शनिवारीच कंपनीची मानसं येऊन त्याचं कनेक्शन तोडून गेले होते. मॅनेजरचा फोन लागेना. मी अन् वॉचमननं म्हटलं, आम्ही उचलून नेतो. चंपतरावनं हात जोडले.

"जिंदगीभर पोते उचलले गा. आता मी पोतं नाही होत."

मंग त्यानं कुबडी मले धराले देली, कठड्याले धरून हळूहळू वाकला अन् पयल्या पायरीले हात लावला.

"अवो, पाया नका पडू, बोटं जातीन!" इंदूबाई ओरडली. सवयच ती.

"आता नाही जात वं," तो म्हणाला. "मेला तो."

तिनं त्याले सरळ केलं. हाताले धूळ लागली होती, ती पदरानं पुसली. मंग तो हात धरला, बायांचा धरत होती तसाच, अन् नुसते उभे राहिले दोघं.