यमुनाताईंचे सकाळचे दुकान

सडक अर्जुनीच्या शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून मी रुजू झालो, त्याच आठवड्यात श्रीमती यमुनाताई कापगते यांनी चार माणसांदेखत माझा पाणउतारा केला. आमची पहिली ओळख ती हीच. बसस्थानकासमोर 'बोडी पुस्तक भांडार' अशी पाटी दिसली म्हणून मी आत शिरलो होतो. गल्ल्यावर पन्नाशीकडे झुकलेल्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक बाई बसल्या होत्या.

"काहीतरी चांगलं वाचायला द्या," मी म्हणालो.

"शेवटचं कोणतं वाचलं?"

मी बी.एड.च्या अभ्यासक्रमातली दोन नावे सांगितली.

"ते परीक्षेचं झालं. आपल्या मनानं कोणतं वाचलं?"

मला एकही नाव आठवेना. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "मंग लेकरांले काय शिकवून राहिले तुम्ही, सर?"

दुकानातली माणसे हसली. या दुकानाची पायरी पुन्हा चढायची नाही असे ठरवून मी बाहेर पडलो, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तिथेच होतो. ताईंनी कालचा विषयसुद्धा काढला नाही. एक पुस्तक पुढे ठेवले. "हे वाचून या. नाही आवडलं तं नाही म्हणा. पण काऊन नाही आवडलं, ते सांगा लागंल." त्या 'काऊन'ने मला शिक्षक केले. पुढे वर्गात मी तोच प्रश्न विचारत आलो.

ताईंचे माहेर तलाव बांधणाऱ्या शेतकऱ्यांचे. आमच्या झाडीपट्टीत शेताच्या वरच्या अंगाला पाणी अडवून जो लहानसा तलाव करतात, त्याला बोडी म्हणतात. पुस्तकाच्या दुकानाला असले नाव कोणी देते का, म्हणून लोक हसत. ताई म्हणत, "बोडी एकाची राहत नाही. खाली जेवढ्या धानाच्या बांध्या, तेवढ्यांची." त्यांचे यजमान एस.टी.त वाहक होते. त्यांच्याच ओळखीने बसस्थानकासमोरची जागा मिळाली आणि ते गेल्यावरही ताईंनी दुकान एक दिवस बंद ठेवले नाही. बोडीचे ते वाक्य मी कितीतरी भाषणांत वापरले आहे. त्याचा अर्थ मात्र मला ठाऊक नव्हता, हे पुढे जे घडले त्यातून कळले.

संध्याकाळी सहानंतर दुकानात आमची मंडळी जमे. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, निवृत्त वनपाल, तहसील कार्यालयातले एक कविमनाचे कारकून आणि मी. ताई चहा सांगत, आम्ही वाद घालत असू. पुण्या-मुंबईत दुकाने बंद पडत असताना हायवेच्या काठी, ट्रक आणि ढाब्यांच्या गर्दीत आपण एक पुस्तकांचे दुकान जगवले आहे, असा आम्हाला अभिमान होता. 'आपण' म्हणताना आम्ही चौघांनाच मोजत असू.

मध्यंतरी आमच्या संस्थेने माझी तीन वर्षांसाठी दरेकसाला बदली केली. डोंगर, जंगल आणि एक छोटेसे रेल्वे स्टेशन. पहिल्याच महिन्यात मी नोकरी सोडण्याच्या विचारात होतो. अशात एका दुपारी स्टेशनवरचा एक हमाल वर्गाच्या दाराशी आला आणि त्याने वर्तमानपत्रात बांधलेला एक गठ्ठा दिला. आत दोन पुस्तके आणि चिठ्ठी : "वाचून याच हाती परत धाडजा. दुसरी येतील." तीन वर्षे ते गठ्ठे येत राहिले. अर्जुनीहून बसने गोंदियाला, तिथून गाडीने दरेकसाला. एकही गठ्ठा वाटेत हरवला नाही. कोण आणते, कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाते, हे मी कधी विचारले नाही. आज त्याचे मलाच नवल वाटते.

आता त्या घटनेकडे येतो. ती आठवली की अजूनही मी सुन्न होतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पोळा आठवड्यावर आला होता. तीन दिवस झड लागली होती. बसस्थानकामागचा नाला फुटला आणि समोरच्या सगळ्या दुकानांत छातीइतके पाणी शिरले. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर मी धावत गेलो. दुकानाचे शटर उघडे होते. आत गुडघाभर चिखल. वरचे दोन खण तेवढे कोरडे, बाकी सगळी पुस्तके पाणी पिऊन अशी फुगली होती की त्यांच्या दाबाने लाकडी रॅकच्या बाजू तडकल्या होत्या. एक पुस्तक ओढायला गेलो तर त्याचे कव्हर तेवढे हातात आले.

ताई उलट्या बादलीवर बसल्या होत्या. "बसा, सर," त्या म्हणाल्या. "बसाले जागा नाही, पण बसा."

आमची संध्याकाळची मंडळी एकेक करून आली. डॉक्टर म्हणाले, बुरशी धरेल, ताबडतोब हलवा. वनपालसाहेब हळहळले. कारकून डोळे पुसत निघून गेले. आणि मी? मी रद्दीवाल्याला फोन केला. हे लिहिताना लाज वाटते, पण ताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात खोटे लिहिणार नाही. ताईंना विचारले तेव्हा त्या काहीच बोलल्या नव्हत्या. मी ते मौन होकार समजलो.

रद्दीवाल्याची माणसे पहिला ढीग उचलत होती, तेवढ्यात दारात सात-आठ बाया येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर टोपल्या, पातळे गुडघ्यापर्यंत खोचलेली. तो बाजाराचा दिवस होता, पण पाण्यामुळे बाजार भरलाच नव्हता. पुढे होत्या त्या नवेगाव बांधच्या जैतुराबाई. त्या बाजारात सुकी मासोळी विकतात आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फडावर पाने वाळवायच्या कामाला जातात. त्यांना अक्षर येत नाही, एवढे मला माहीत होते.

"बाई," त्यांनी ताईंना विचारले, "आपली गोष्ट कुठं आहे?"

ताईंनी चिखलातल्या ढिगाकडे बोट दाखवले. आणि मग, मी त्यांना कधी रडताना पाहिले नव्हते, त्या रडल्या.

जैतुराबाईंनी टोपली खाली ठेवली. रद्दीवाल्याच्या माणसाला म्हणाल्या, "ठेव ते तिथंच. हात लावू नोको."

मला काही उमगेना. "ताई, कोणती गोष्ट?"

"बाजाराच्या दिवशी सकाळी वाचतो मी यांच्यासाठी," ताई म्हणाल्या. "बाजार भरेपावतर. मंग या तिकडं जातात."

"केव्हापासून?"

"दुकान उघडलं तवापासून."

मी पंचवीस वर्षे त्या दुकानात जात होतो. बाजाराच्या दिवशी सकाळी दहा-पंधरा बाया पायरीवर आणि आत जमिनीवर बसतात आणि ताई त्यांना कादंबऱ्या वाचून दाखवतात, हे मला माहीत नव्हते. मी त्या वेळी शाळेत असे. संध्याकाळी कधी मासोळीचा वास आला तर आम्ही नाक मुरडून ताईंना उदबत्ती लावायला सांगत असू. ताई लावत. एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत.

जैतुराबाईंनी एक भिजलेले पुस्तक उचलले, नाकाशी नेले, कडेवरून अंगठा फिरवला. "कायले घाबरून राहिले, सर? पानंच तं होत. तेंदूचं पान का वारवत नाही आम्ही? ओलं पान ओढाचं नाही, फाटते. उभं ठेवाचं. हवा घेऊ द्याची. मंग एक एक सोडवाचं."

"पण ऊन कुठे आहे?"

याचे उत्तर रस्त्यापलीकडून आले. राईस मिलचे मालक रमेशसेठ छत्री घेऊन उभे होते. त्यांनी या दुकानातून एकही पुस्तक विकत घेतलेले मी पाहिले नव्हते. ते म्हणाले, "बहनजी, मिल तो बंद पडी है. भट्टी लगवा देता हूँ. गोदाम गरम हो जाएगा, पूरा माल उधर डालो."

"सेठजी, भट्टीत जाळायच्या कोंड्याचा खर्च..." मी म्हणायला लागलो.

"मास्टरजी, मेरी माँ यहाँ आकर सुनती थी. मराठी आधी समझती थी, आधी नहीं. बीमार पडी तो बहनजी घर आकर सुनाती थीं. आखिर तक." एवढे बोलून ते भट्टी पेटवायला गेले.

मी रद्दीवाल्याच्या माणसांना परत पाठवले. मघापासून एकापाठोपाठ एक जे कळत होते, ते झेपत नव्हते.

नऊ दिवस मिलच्या गोदामात पुस्तके वाळत होती. धानाची पोती रचतात त्या सिमेंटवर पुस्तके उभी करून ठेवलेली. ट्रकवाल्यांनी ताडपत्र्या दिल्या. एका ढाब्यावरून दोन वेळचे जेवण येत होते. आठवडा उलटेपर्यंत बायांची संख्या दुप्पट झाली होती. त्या पाने सोडवत, उलटवत, मधे कागद घालत आणि बोलत. कोणत्या कादंबरीतली सासू दुष्ट होती, कोणता वकील लबाड निघाला, याची चर्चा शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल बोलावे तशी चाले. मी मराठीचा शिक्षक. त्यांतल्या निम्म्या कादंबऱ्या मी वाचल्या नव्हत्या.

सहाव्या दिवशी त्यांची शेवटाला येऊन राहिलेली गोष्ट सापडली. घर सोडून भावाच्या शोधात निघालेल्या एका मुलीची ती कादंबरी. पण शेवटच्या तीस-चाळीस पानांचा लगदा झाला होता. पुस्तक जुने, आता छापले जात नाही. बाया खिन्न झाल्या. कोणीतरी विचारले, "बाई, तुम्हीच सांगा. पोरीले भाऊ भेटते का?"

"मलेही नाही मालूम," ताई म्हणाल्या. "मी समोरचं आधी वाचत नाही. तुमच्यासंगच वाचतो."

तेव्हा मला आठवले. ती कादंबरी माझ्या घरी होती, काचेच्या कपाटात. बारा वर्षांपूर्वी ताईंनीच दिली होती. कसे वाटले, असे त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले होते आणि मी "फार सुंदर" असे म्हणून दोन गोलमाल वाक्ये ठोकली होती. मी सायकल काढली, घरी गेलो, पुस्तक घेऊन आलो आणि मोठ्या ऐटीत ताईंच्या हाती ठेवले.

ताईंनी ते शेवटाकडून उघडले. छापखान्यात कापायची राहून गेलेली पाने कडेला एकमेकांना जोडलेलीच होती. ते पुस्तक कोणीही शेवटपर्यंत वाचले नव्हते, हे ताईंना दिसलेच. ताईंनी अंबाड्यातला आकडा काढला, त्याने एकेक पान सावकाश मोकळे केले आणि पुस्तक माझ्याकडे परत दिले.

"तुम्हीच वाचा, सर," त्या म्हणाल्या. "तुमचं तं वाचून झालं आहे."

दुसऱ्या कोणालाही त्यातले काही कळले नाही. त्यांनी ते कळू दिले नाही. माणसाला त्याची चूक दाखवावी आणि त्याच क्षणी चार लोकांत त्याची लाजही राखावी, हे ताईंनी कसे केले याचा मी आजही विचार करतो.

मी वाचले. भट्टीच्या उबेत, ओल्या कागदाच्या वासात, पंधराएक बायांसमोर. पंचवीस वर्षे धडे वाचलेला मी पहिल्याच पानावर दोनदा अडखळलो. पुढे काय होणार हे मलाही ठाऊक नव्हते. शेवटी भाऊ भेटतो, पण बहिणीला ओळखत नाही आणि ती त्याला ओळख न देता परत फिरते. मी पुस्तक मिटले.

मग जैतुराबाई म्हणाल्या, "असा कसा आखर? लिहिणाऱ्याले बहीण नसंल."

"असंल," दुसरी म्हणाली. "म्हणून तं लिहिलं."

भांडण जुंपले. ताई डोळे मिटून ऐकत होत्या आणि हसत होत्या. आमच्या संध्याकाळच्या बैठकीत इतका खरा वाद मी कधी ऐकला नव्हता.

निम्म्याहून थोडी जास्त पुस्तके बचावली. ती जाडजूड झाली आहेत, पाने लाटांसारखी झाली आहेत, पण वाचता येतात. जोते दोन फूट उचलून दिवाळीनंतर दुकान पुन्हा उघडले. शाळेची वेळ बदलून घेऊन आता बाजाराच्या दिवशी सकाळी मीही पायरीवर बसतो. उदबत्ती लावायला कोणी सांगत नाही.

या ग्रंथासाठी मी जैतुराबाईंना विचारले, ताईंबद्दल दोन शब्द सांगा. त्या दिवशी ताईंनी नवी कादंबरी सुरू केली होती. चार खंडांची. आठवड्याला जेवढे वाचून होते त्या हिशेबाने ती संपायला सहा-सात वर्षे लागतील. पंचाहत्तराव्या वर्षी असले पुस्तक काढलेले पाहून मी चकितच झालो होतो.

"बाईनं नाही काढलं," जैतुराबाई म्हणाल्या. "आम्ही मांगलं. सगळ्यात जाड द्या म्हटलं."

"काऊन?"

"कोनी गोष्ट अर्धी टाकून जाते का, सर? हे पुरी होईपावतर बाई कुठं जात नाही. मंग याच्याहून जाड पाहू."

दीर्घायुष्याच्या शुभेच्छा मी आयुष्यात पुष्कळ लिहिल्या, निमंत्रणपत्रिकांवर, निरोपसमारंभांत. इतकी रोखठोक शुभेच्छा मी ऐकली नव्हती आणि तिच्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. श्रीमती यमुनाताई कापगते यांची दृष्टी अशीच शाबूत आणि आवाज असाच खणखणीत राहो, गुडघे त्यांना बाजाराच्या दिवशी सकाळी दुकानापर्यंत आणोत, चारही खंड निवांतपणे पुरे होवोत, आणि ते संपतील त्या दिवशी आम्हा सर्वांना त्यांच्याकडे आणखी जाड पुस्तक मागण्याची संधी मिळो.